काकूंची कणीक चार वाजता भिजते: गटप्रकल्पातून उद्योजकता नेमकी कुठे शिकली जाते?

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते. दुसऱ्या वर्षाचे गटप्रकल्प दरवर्षी माझ्याकडे असतात आणि ते काम मला मनापासून आवडतं. चार-पाच जणांचा ग्रुप, एक गाईड, सिनॉप्सिस (प्रकल्पाचा लेखी आराखडा), दोन-तीन रिव्ह्यू, रिपोर्ट, शेवटी व्हायवा (तोंडी परीक्षा). पूर्वी हे सगळं मुख्यतः शेवटच्या वर्षाला असायचं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात ते ‘प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग’ या नावाने पहिल्या-दुसऱ्या वर्षात आलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांच्या वाट्यालाही फील्ड प्रोजेक्ट आला आहे.

या सगळ्याच्या उद्दिष्टांत दोन शब्द हमखास असतात: नवोन्मेष आणि उद्योजकता. पालक मला विचारतात, की चार पोरांनी एकत्र बसून एक रिपोर्ट लिहिला, त्यातून उद्योजकता कशी काय येणार? प्रश्न रास्त आहे. नुसत्या रिपोर्टातून ती येत नाहीच. पण काही ग्रुपमध्ये ती डोळ्यांदेखत उगवताना मी पाहिली आहे, आणि दर वेळी ती एकाच जागी उगवते. ती जागा दाखवण्यासाठी हा लेख.

आधी शब्द सोपे करून घेऊ. उद्योजकता म्हणजे कंपनी काढणं असा समज पक्का बसलाय. कंपनी हे तिचं एक रूप झालं. मुळात उद्योजकता म्हणजे कुणाची तरी अडचण नीट ओळखायची, हाताशी जे आहे त्यातून काहीतरी करून बघायचं, कमी पडेल ते दुसऱ्याकडून मिळवायचं, आणि ज्याच्यासाठी केलं त्याने त्याबदल्यात पैसा, वेळ किंवा विश्वास द्यावा इतकं ते उपयोगी करायचं. हे कौशल्य सरकारी शाळेतल्या शिक्षकालाही लागतं आणि बचतगट चालवणाऱ्या बाईलाही. नवोन्मेष म्हणजे त्या वाटेवर सापडलेली नवी युक्ती. ती यंत्राचीच असायला हवी असं नाही. एखादा नियम बदलणं हासुद्धा नवोन्मेषच.

नियमाचं उदाहरण आमच्याच एका ग्रुपचं आहे.

तीन मुलगे, एक मुलगी. विषय आणला: ‘खानावळीतल्या अन्नाची नासाडी थांबवणारं ॲप’. सिनॉप्सिस व्यवस्थित होतं, डेटाबेसचे तक्ते आखलेले, स्क्रीनचे रंगसुद्धा ठरलेले. मी विचारलं, खानावळवाल्या काकूंना भेटलात का? नव्हते भेटले. मग गेले, आणि तासाभरात आनंदात परत आले. “मॅडम, आम्ही विचारलं, असं ॲप असेल तर वापराल का? काकू म्हणाल्या, हो की, वापरेन की!”

हा ‘हो की’ फार फसवा असतो. दारात आलेल्या चांगल्या पोरांना कोण नाही म्हणेल? ‘असं असेल तर वापराल का’ या प्रश्नाला माणूस भलेपणाने उत्तर देतो, खरेपणाने नाही. कारण उद्या आपण काय करू हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. काल काय झालं, ते मात्र त्याला नक्की ठाऊक असतं. म्हणून विचारायचं ते कालचं: काल किती उरलं? त्याचं काय केलंत? उरणार हे किती वाजता कळलं? ग्रुपला मी पुन्हा पाठवलं, तेही प्रश्न विचारायला कमी आणि बघायला जास्त. दुपारी तीनपासून रात्री ताटं घासून होईपर्यंत दोघांनी स्वयंपाकघरात बसायचं, एवढंच काम.

त्यांनी वहीत जे लिहून आणलं त्यावर मी आजही वर्गात एक तास बोलू शकते. चार वाजता काकू पिठाच्या डब्याशी येतात. “आज किती येतील गं?” असं पोळ्यावाल्या मावशींना विचारतात आणि अंदाजाने परातीत पीठ काढतात. मेंबर साठेक. पण शनिवारी निम्मी पोरं गावी गेलेली असतात, आणि नेमकी किती गेली हे काकूंना रात्री नऊला कळतं. एकदा कणीक भिजली की पुढे आलेली कुठलीही माहिती निरुपयोगी. म्हणजे दिवसातला एकच क्षण महत्त्वाचा: चार वाजता. आणि काकूंना हवा होता एकच आकडा.

दुसरं, अन्न कचऱ्यात जात नव्हतंच. उरलेल्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी व्हायची, भाताचा फोडणीचा भात. तोटा वेगळाच होता. पोळ्यावाल्या मावशींना किलोवर पैसे मिळतात. जास्तीच्या प्रत्येक किलोची मजुरी काकू रोख मोजत होत्या, शिवाय गॅस आणि वेळ.

आणि तिसरं, सगळ्यांत मोलाचं. खाड्याचा नियम. बहुतेक खानावळींसारखाच इथेही नियम होता, की सलग तीन दिवस खाडा असेल तरच पैसे वजा होतील. म्हणजे शनिवारी एक दिवस घरी जाणाऱ्या पोराला आधी सांगून काहीच मिळत नव्हतं. मग तो कशाला सांगेल? ॲप असो वा नसो, तो सांगणार नव्हता. त्या वहीत मुलीने एक ओळ लिहिली होती आणि तिच्याखाली दोनदा रेघ मारली होती: “सांगायला जागा नाही असं नाहीये, सांगायला कारण नाहीये.”

सुरुवातीला म्हटलं ती, उद्योजकता उगवण्याची जागा हीच. हातातला प्रश्न चुकीचा आहे हे कळणं, आणि खरा प्रश्न स्वतःच्या डोळ्यांनी दिसणं. आपण बहुतेक वेळा मुलांच्या हातात प्रश्नही देतो आणि उत्तर कसं दिसायला हवं तेही देतो. मधलं कोडिंग तेवढं त्यांच्याकडे उरतं. कोडिंग ते शिकतात, ते चांगलंच आहे. पण प्रश्न शोधायची पाळीच त्यांच्यावर येत नाही.

असंच, पण फार मोठ्या प्रमाणावर, २००७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात घडलं. तिथे गरिबांना परवडतील अशा वस्तू घडवायचा एक कोर्स आहे. इंजिनिअरिंगची आणि मॅनेजमेंटची मुलं एका ग्रुपमध्ये घालतात. एका ग्रुपला काम मिळालं: अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी स्वस्त इन्क्युबेटर, म्हणजे त्यांना ऊब देणारी पेटी, करा. त्या वेळी एका इन्क्युबेटरची किंमत साधारण २०,००० डॉलर होती आणि एक टक्का खर्चात तो करायचा होता. टेबलावर बसून या प्रश्नाचं उत्तर एकच निघतं, एकेक सुटा भाग स्वस्त करत जाणं. पण ग्रुपमधला एक विद्यार्थी नेपाळला गेला. काठमांडूच्या रुग्णालयात त्याला दिसलं, की इन्क्युबेटर आहेत, दान आलेले आहेत, आणि रिकामे पडून आहेत. कारण ज्या बाळांना ऊब हवी होती ती खेड्यात, घरात जन्मत होती. तिथून रुग्णालयात पोचेपर्यंतच ती गारठत होती. इन्क्युबेटर फुकट दिला तरी त्यांच्या कामाचा नव्हता.

मग ग्रुपने प्रश्नच बदलला. रुग्णालयातल्या डॉक्टरसाठी यंत्र करण्याऐवजी, वीज नसलेल्या घरातल्या आईच्या हातात काय देता येईल? त्यातून निघाली बाळाला गुंडाळायची एक छोटी झोळीवजा पिशवी. तिच्या पाठीशी मेणासारख्या पदार्थाचा कप्पा. हा पदार्थ तापवला की वितळतो, आणि गोठताना साठवलेली उष्णता हळूहळू सोडत चार ते सहा तास ३७ अंशांच्या आसपास राहतो. जेन चेन, लायनस लियांग, राहुल पणिक्कर आणि नागानंद मूर्ती यांचा हा वर्गातला प्रकल्प पुढे ‘एम्ब्रेस’ नावाची संस्था झाला. पदवीनंतर त्यांनी बिऱ्हाड बंगळुरूला हलवलं, कारण ज्यांच्यासाठी करायचं ती माणसं इथे होती.

या गोष्टीतला एक बारीक तपशील मी मुलांना नेहमी सांगते. पिशवीवर तापमान दाखवणारी अंशांची पट्टी होती. भारतातल्या एका आईला त्यांनी विचारलं, इतक्या अंशांपर्यंत तापवायला सांगितलं तर काय कराल? ती म्हणाली, डॉक्टरची औषधं जरा कडकच असतात, चमचाभर सांगितलं तर मी अर्धाच देते. म्हणजे ३७ सांगितलं असतं तर तिने काळजीपोटी पिशवी कमीच तापवली असती! ग्रुपने आकडे काढून टाकले आणि ‘ठीक’ किंवा ‘ठीक नाही’ एवढंच दाखवणारी खूण ठेवली. कुठल्याही प्रयोगशाळेत हा दोष सापडला नसता.

स्टॅनफर्डमध्येच स्टीव्ह ब्लँक यांनी २०११ पासून जो कोर्स सुरू केला, त्यात तर हे सक्तीचं आहे. प्रत्येक ग्रुपने आठवड्याला दहा-पंधरा संभाव्य ग्राहकांशी बोलायचं, कोर्स संपेपर्यंत शंभराच्या घरात. वर्गात तुमची कल्पना किती छान, हे कुणी विचारत नाही. कुणाशी बोललात आणि त्याने तुमचं कुठलं गृहीतक मोडलं, हे विचारतात. आपल्याकडे आयआयटी मुंबईत १९८५ पासून ‘सितारा’ हे ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. तिथेही विद्यार्थ्याला गावात जाऊन राहावं लागतं आणि गावातली अडचण मोजून आणावी लागते. त्यामुळे हे फक्त परदेशातल्या श्रीमंत विद्यापीठांनाच जमतं, असं मला कुणी सांगू नये.

आता प्रश्न सापडला. पुढे काय?

इथे सरस सरस्वती या भारतीय वंशाच्या प्राध्यापिकेचं काम फार उपयोगी पडतं. नोबेलविजेते हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी २७ मुरलेल्या उद्योजकांना एक काल्पनिक धंदा दिला आणि तो कसा उभा कराल, हे मोठ्याने विचार करत सांगायला लावलं. २००१ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष स्वयंपाकाच्या उदाहरणाने कळतो, आणि ते उदाहरण त्यांचंच आहे. एक आचारी आधी मेन्यू ठरवतो, मग यादी करून सामान आणतो. दुसरा फडताळ उघडतो, काय काय आहे बघतो आणि त्यातून काय होईल ते रांधतो. पुस्तकं पहिली पद्धत शिकवतात. मुरलेले उद्योजक दुसऱ्या पद्धतीने चालतात. ‘नफा किती होईल’ यापेक्षा ‘फसलं तर किती जाईल, आणि तेवढं मला सोसेल का’ हे ते आधी बघतात. पाहुणे अचानक आल्यावर आपल्या घरातली बाई नेमकं हेच करते. मुलांना हे सांगितलं की त्यांच्या खांद्यावरचं ‘भांडवल कुठून आणू’चं ओझं उतरतं.

आमच्या ग्रुपने काकूंचं फडताळ उघडलं. एका खाड्याचे पैसे परत द्यायला काकू तयार नव्हत्या. महिन्याचा किराणा आधीच भरलेला असतो, रोख हातात नसते. पण एक ताट वाढवून देणं त्यांना जड नव्हतं. खानावळीत ‘गेस्ट’ असतोच, त्याचे वेगळे पैसे लागतात. मुलांनी सुचवलं: चारच्या आत सांगून केलेले चार खाडे झाले की एक गेस्ट ताट फुकट. सांगायचं कुठे? मेंबरांचा व्हॉट्सॲप ग्रुप होताच, त्यात रोज एक पोल. पावणेचारला काकूंनी आकडा बघायचा. भिंतीवर एक पाटी. खर्च पाटीच्या खडूचा. दोन आठवडे करून बघायचं, नाही जमलं तर पाटी पुसायची. ॲप उरलंच नाही.

आणि मग मावशी म्हणाल्या, “पीठ कमी झालं, मग माझं काय?”

हा प्रश्न मुलांच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता. किलोमागे मजुरी, म्हणजे काकूंची बचत ही मावशींच्या पोटाला चिमटा. त्या दिवशी चौघंही माझ्या केबिनमध्ये गप्प बसून होती. नंतर काकूंशी बोलून तोडगा निघाला, शनिवारपुरती मजुरी किलोऐवजी ठरावीक. मावशी त्या दिवशी तासभर लवकर घरी जाऊ लागल्या. एका माणसाचा फायदा दुसऱ्याच्या खिशातून येतोय का, हे पाहायला हवं, ही समज त्यांना माझ्या कुठल्या लेक्चरने दिली नसती.

आता ग्रुपविषयी. कारण हे सगळं एकट्यालाही करता येईल, मग ग्रुप कशाला?

एक कारण साधं आहे. अडचण एका विषयात मावत नाही. बोलणारा, हिशेब करणारा, बांधणारा, शंका काढणारा असे वेगवेगळे स्वभाव लागतात. दुसरं असं की माणसं जोडून काम करून घेणं हेच उद्योजकाचं अर्धं काम आहे, आणि ते माणसांतच शिकता येतं. पण ग्रुप केला की ते आपोआप शिकलं जातं, असं धरून चालणं ही आपल्या कॉलेजांची मोठी चूक. एकजण काम करतो, एकजण रिपोर्टची प्रिंट काढतो, उरलेले व्हायवाच्या दिवशी फॉर्मल घालून येतात.

याला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. मॅक्सिमिलियन रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला आणि १९१३ मध्ये आकडे छापले. आठजण मिळून ओढायला लागले, की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढण्याच्या जवळपास निम्म्यावर येतो. त्यातला काही भाग ताळमेळ नसल्यामुळे. पण १९७९ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ओरडायला लावून दाखवलं, की आपण घोळक्यात आहोत असं नुसतं वाटलं तरी माणूस हात आखडता घेतो. पुढच्या प्रयोगांत त्यांनाच आणखी एक गोष्ट दिसली, ती आमच्या कामाची. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं की ही ढिलाई निघून जाते.

म्हणून ढिलाईला मी मुलांचा स्वभाव मानत नाही. ती रचनेतली चूक आहे आणि रचनेनेच सुटते. माझ्याकडे प्रत्येकाची वेगळी वही असते आणि ती मी दर आठवड्याला वाचते. रिव्ह्यूला कुठला भाग कोण सांगणार, ते आयत्या वेळी मी ठरवते, त्यामुळे सगळ्यांना सगळं माहीत असावंच लागतं. आणि ग्रुप शक्यतो चारचाच. या ग्रुपमधला एक मुलगा पहिले दोन महिने एक शब्द बोलला नव्हता. वहीतून कळलं, की तो त्याच खानावळीत जेवतो आणि काकू त्याला ओळखतात. स्वयंपाकघराचं दार त्याच्यामुळे उघडलं. पोल रोज कोण टाकेल, न विसरता, तर तोच.

डेन्मार्कमधल्या आल्बोर्ग विद्यापीठाने तर १९७४ मध्ये स्थापनेपासूनच सगळं शिक्षण ग्रुपच्या कामावर उभं केलं. प्रत्येक सत्रातला साधारण निम्मा वेळ गटप्रकल्पाला. प्रश्न ग्रुपने स्वतः मांडायचा, आणि तो प्रश्न का महत्त्वाचा हे आधी सिद्ध करायचं. मला त्यांची सुरुवातीची पद्धत सगळ्यांत आवडते. पहिल्या वर्षी आधी काही आठवड्यांचा एक छोटा सराव-प्रकल्प असतो. तो झाला की ग्रुपने लिहून द्यायचं, की आपण एकत्र काम कसं केलं, भांडण कुठे झालं, कोणाचं ऐकलं गेलं नाही. मग खरा प्रकल्प. तिथली ग्रुपची एकत्रित तोंडी परीक्षा मधल्या काही वर्षांत सरकारने बंद केली होती, प्रत्येकाची वेगळी घ्या म्हणून. पुढे ती परत आली. म्हणजे ‘गुण एकत्र द्यायचे की वेगळे’ हा वाद तिथेही सुटायला सोपा नाही.

फिनलंडमधल्या युवास्कुला गावी योहान्नेस पार्तानेन यांनी १९९३ मध्ये ‘टीम अकॅडमी’ सुरू केली. तिथे मुलं शिकायला आली, की खरीखुरी सहकारी संस्था काढतात, गिऱ्हाईक शोधतात, बिलं करतात. वर्गात गोल बसून बोलायचं, शिक्षकाऐवजी प्रशिक्षक. शेवटी कमाईतून सगळ्यांनी मिळून जगप्रवासाला जायचं, ही तिथली परंपरा. सहकार हा शब्द महाराष्ट्राला शिकवायला नको. साखर, दूध, पतपेढ्या सगळं आपण त्यातून उभं केलं. आपल्या कॉलेजातल्या मुलांची सहकारी संस्था का असू नये, हे मला खरंच कळत नाही.

आपल्याकडची खरी अडचण गुणपत्रिकेत आहे. ‘वर्किंग मॉडेल’ला गुण असतात, प्रश्न बदलण्याला नसतात. फसलेल्या प्रयोगाला तर शून्यच. मग मुलं तयार प्रोजेक्ट विकत आणतात आणि आपण त्यांना नावं ठेवतो. आमच्या या ग्रुपच्या व्हायवाला आलेल्या एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांनी, पहिलाच प्रश्न केला, “ॲप कुठे आहे?” मुलीने सांगितलं, सर, आम्ही ते टाकून दिलं, आणि का टाकलं ते वहीत आहे. वही त्यांनी उघडली नाही. ग्रुपला वर्गात सर्वांत कमी गुण मिळाले. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्यानंतर माझ्या हातातल्या अंतर्गत गुणांपैकी निम्मे मी एकाच गोष्टीला ठेवते: पहिल्या दिवशीचा तुमचा प्रश्न आणि शेवटच्या दिवशीचा प्रश्न शेजारी शेजारी लिहा, आणि तो का बदलला ते दाखवा.

सत्र संपलं, गुण लागले, तरी ती चौघं थांबली नाहीत. स्टँडजवळच्या दुसऱ्या खानावळीत पाटी न्यायची म्हणून गेली. तिथे निम्म्याहून जास्त डबे बाहेर जातात, पोळ्या बाहेरून विकत येतात आणि सकाळी अकरालाच सगळं ठरतं. चारचा नियम तिथे लागूच होत नव्हता. मला फोन आला, “मॅडम, पाटी उपयोगाची नाही.” मी म्हटलं, मग? मागून भांड्यांचा आवाज येत होता. तो न बोलणारा मुलगा कुणाला तरी विचारत होता, “काका, काल किती डबे परत आले?”